तराजूमहाराजांची लहर

फर्निचरच्या दुकानावरच्या लांबलचक हॉलमध्ये दोनशे माणसं श्वास रोखून एका पितळी तराजूकडे बघत होती. तराजू काचेच्या पेटीत, पेटीला कुलूप. पेटीसमोर आपल्या प्रश्नाचं बंद पाकीट ठेवायचं आणि हात जोडायचे. उजवं पारडं खाली गेलं तर ‘हो’, डावं गेलं तर ‘नाही’.

“काच आहे, कुलूप आहे, वारा नाही, हात नाही!” तराजूमहाराज गरजले. “मग हलवतं कोण? विश्वाची लहर!”

एवढं बोलून महाराज शिंकले. तीन दिवस सर्दीनं हैराण होते. ती कधी जाणार, हे मात्र तराजूला कुणी विचारत नव्हतं.

ताईनं पाकीट ठेवलं. पोटात गाठ होती, गुरुवारी ऑपरेशन ठरलेलं. ते करावं का, एवढाच प्रश्न. तराजू क्षणभर थबकला आणि डावीकडे झुकला. नाही! लोकांनी ‘आहा’ केलं. ताईच्या चेहऱ्यावर असा काही सुटकेचा भाव पसरला की शेजारी बसलेली तिची धाकटी बहीण धसकलीच.

ही धाकटी म्हणजे मशीनबाई. शिलाई मशीन दुरुस्त करण्यात तीस वर्षं गेलेली, त्यामुळे सगळे तिला याच नावानं ओळखत. कान इतका तयार की दारातूनच सांगायची, “सुई वाकलीय.” तराजू झुकण्याआधी तिनं एक बारीकसा आवाज ऐकला होता. झिर्रऽऽ. शिलाई मशीनचा नव्हे; पण रोज सकाळी तिच्या जेवणाच्या टेबलावर होणारा.

मशीनबाईला एकच नाद होता, रेडिओवर चालणारी छोटी विमानं उडवायचा. त्या विमानांच्या पंखांवरच्या झडपा हलवणारी काडेपेटीएवढी मोटर असते, तिला सर्व्हो म्हणतात. तिचाच हा आवाज.

“ताई, त्या तराजूच्या बैठकीत मोटर आहे,” घरी आल्यावर ती म्हणाली.

“तुला सगळीकडे मोटरच दिसते,” ताई म्हणाली. “मी दवाखान्यात फोन करून टाकलाय. नाही येत म्हणून.”

यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. मशीनबाईनं कपाटावरचा, विमानं चालवायचा जुना ट्रान्समीटर काढला आणि टेबलावर ठेवला. या जुन्या यंत्रात एक क्रिस्टल बसवावा लागतो. नखाएवढा तुकडा, पण कोणत्या लहरीवर बोलायचं ते तोच ठरवतो. मैदानावर दोघांनी एकाच लहरीवर यंत्रं सुरू केली, तर विमानाला कुणाचं ऐकावं तेच कळत नाही आणि ते पिसाळल्यासारखं वागतं. म्हणून तिच्याकडे सहा वेगवेगळे क्रिस्टल होते.

तिनं बॅटरी भरली, एरियल पूर्ण ओढून पाहिली, अंगठ्यानं हलवायचा दांडा मधोमध असताना सर्व्होही मधोमध राहतो ना ते नीट जुळवलं. मागच्या बाजूला एक इवलासा खटका होता. तो उलटा केला की दांडा उजवीकडे नेल्यावर सर्व्हो डावीकडे जाई. तिनं तोही दोनदा टकटक करून पाहिला आणि मनाशीच हसली.

मंगळवारी सकाळी ती ताईला घेऊन पुन्हा हॉलमध्ये गेली. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत ट्रान्समीटर. व्यासपीठाच्या कडेला मौनव्रत घेतलेल्या माताजी डोळे मिटून बसल्या होत्या. अंगावर भलीमोठी शाल, हात शालीत आणि शालीतून वर आलेलं एक लांब देठाचं कमळ. इतकं ताठ कमळ मशीनबाईनं जन्मात पाहिलं नव्हतं.

पहिला क्रिस्टल लावला, काही नाही. दुसरा, काही नाही. तिसराही गेला. चौथा बसवून तिनं यंत्र सुरू केलं आणि तराजूच्या अंगात आलं! पारडी खालीवर खालीवर, काच खडखडायला लागली.

“अपवित्र लहर!” महाराज ओरडले. “इथे कुणीतरी पापी बसलंय!”

“मी बसलेय,” मशीनबाई उठली आणि तिनं पिशवीतून एरियल बाहेर ओढली. तशी माताजींनी घाबरून शालीतल्या शालीत आपलं, कमळाच्या देठात एरियल लपवलेलं यंत्र बंद केलं आणि तराजू एकदम शांत झाला. “आता बघा. हो. नाही. हो. आणि हा मागचा खटका उलटा केला की मघाशी ‘हो’ होतं ते ‘नाही’. विश्वाची लहर माझ्या अंगठ्याखाली आहे.”

“हिला पण सिद्धी आहे!” मागून कुणीतरी हात जोडले.

“कसली सिद्धी! बॅटरी काढली की संपली.” ती ताईकडे वळली. “ताई, तू शिंपीण आहेस. शिवण कशी उसवायची ते तुला सांगायला नको. उचल ती पेटी.”

ताई जागची हलेना. मग कोण जाणे काय वाटलं, ती पुढे गेली. महाराज आडवे आले, तर तिनं त्यांना कोपरानं बाजूला केलं, पेटी उलटी केली आणि खालचं मखमली कापड टर्रकन फाडलं. आत सर्व्हो, बॅटरी आणि एक लोंबणारी वायर.

ताईनं ते सगळ्यांना दाखवलं. मग माताजींसमोर जाऊन उभी राहिली.

“रविवारी मला ‘नाही’ का म्हणालात? माझ्या पाकिटात काय होतं ठाऊक होतं?”

माताजींनी नवऱ्याकडे, म्हणजे महाराजांकडे पाहिलं. तो रुमालात नाक खुपसून बसला होता.

“नाही हो,” मौनव्रत सुटलं. “आम्ही पाकिटं उघडतच नाही. ‘हो’ म्हटलं की माणूस जातो. ‘नाही’ म्हटलं की परत येतो.”

ताई खाली बसली आणि रडली. रागानं की भीतीनं, ते मशीनबाईनं विचारलं नाही. नुसती पाठीवरून हात फिरवत राहिली.

सुदैवानं गुरुवारची वेळ अजून कुणाला दिली नव्हती. दवाखान्यात ताईनं डॉक्टरीणबाईंना भंडावून सोडलं. गाठ कुठे आहे? काढली नाही तर काय होईल? काढताना धोका किती? डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढलं, एका प्रश्नाला “हे मला आज नक्की सांगता येणार नाही” असंही उत्तर दिलं, आणि राग मानला नाही. ताईनं गुरुवारची वेळ पक्की केली.

आपलं आयुष्य कुणाच्या हाती द्यायचंच झालं, तर एवढी एकच परीक्षा पुरे. त्याला ‘कशावरून?’ म्हणून विचारा. जो समजावून सांगतो, त्याचं ऐका. जो तुम्हाला पापी म्हणतो, त्याची पेटी उलटी करून बघा.