कॅम्डन लँटर्न्सचा कॅचर

उल्का लग्न करून अमरावतीहून वेस्ट विंडसरला आली त्याला चार-पाच महिने होत आले होते, पण दिवसाउजेडी तिला नावाने हाक मारणारं अजून कुणी भेटलं नव्हतं. परीक्षित सोमवारी पहाटे विमानाने शार्लटला क्लायंटकडे जायचा, तो गुरुवारी रात्री परत. शुक्रवारी घरूनच काम, म्हणजे कानाला हेडफोन लावून भिंतीशी बोलणं. माणूस वाईट नव्हता. जाण्याआधी फ्रीज भरून जायचा, उतरला की फोन करायचा. पण डिपेंडंट व्हिसावर नोकरी करता येत नव्हती, लायसन्स नसल्यामुळे दारातली गाडी दारातच, आणि पायी निघावं तर फूटपाथ पहिल्या मोठ्या वळणावर संपून जायचा. उल्का तिथपर्यंत जायची, जरा वेळ गाड्या बघायची आणि परत यायची.

"काय करून राहिली वं?" फोनवर आई विचारायची.

"काही नाही, आराम."

फेब्रुवारी २००६ मधला शेवटचा सोमवार होता. ती डाळीला फोडणी देत होती आणि मागच्या बाजूला धप्प असा आवाज आला. थोड्या वेळाने पुन्हा आला. तिने गॅस बंद केला आणि खिडकीशी गेली.

मागे गराजांची एक लांब रांग होती. तिच्यासमोर एक उंच, वाळकुडा म्हातारा उभा राहून भिंतीवर चेंडू मारत होता. अंगात ओव्हरकोट, डोक्यावर लोकरी टोपी. समोरच्या रांगेत एक कृष्णवर्णीय बाई राहायची, कुठल्याशा औषध कंपनीत शास्त्रज्ञ होती; तिचे हे वडील. टपालपेटीपाशी उल्काने त्यांना दोन-तीनदा पाहिलं होतं. पण आज ते फेकत होते ते व्यायामासाठी नक्कीच नव्हे. राग काढत होते. एक चेंडू गराजाच्या कडेला लागून तिरका उडाला आणि उल्काच्या पायऱ्यांखाली, चिखल झालेल्या बर्फात जाऊन पडला. म्हातारबुवा भलत्याच बाजूला शोधत राहिले.

उल्का होती तशी घरातल्या चपलांवर बाहेर आली. चेंडू उचलला. तिच्या ओळखीच्या चेंडूपेक्षा तो लहान आणि कडक होता. तिने कुर्त्याला पुसला आणि काहीही विचार न करता फेकला. तो सरळ त्यांच्या छातीसमोर गेला आणि त्यांच्या जुन्या ग्लव्हमध्ये थप्पकन बसला.

म्हाताऱ्याने आधी ग्लव्हकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"अशी फेक तुला कुणी शिकवली?"

"अमरावतीला," ती म्हणाली. मग त्यांना ते काय कळणार, म्हणून इंग्रजीची जुळवाजुळव करत सांगितलं, "इंडियात. सॉफ्टबॉल. युनिव्हर्सिटीकडून खेळले, मग स्टेटकडून. मी कॅचर होते."

"कॅचर!" ते पहिल्यांदा हसले. "हात दाखव बघू."

तिने उजवा हात पुढे केला. फलंदाजामागे बसून चेंडू झेलताना करंगळी एकदा मोडून वाकडीच जुळली होती. त्यांनी स्वतःचा हात तिच्या शेजारी धरला. त्यांची सगळी बोटं आल्याच्या गड्ड्यासारखी इकडेतिकडे गेलेली.

"एल्मोर पेटवे," ते म्हणाले. "कॅम्डन लँटर्न्स, बेसबॉल. मीही कॅचरच."

लग्नाच्या बायोडेटात तिच्या बापाने 'छंद : खेळ' एवढंच लिहिलं होतं. परीक्षितला वाटायचं, कॅरम वगैरे असेल. तिनेही कधी सांगितलं नव्हतं. त्यामुळे ती वाकडी करंगळी काय आहे हे या देशात ओळखणारा हा पहिलाच माणूस होता.

त्यांचा राग कशाचा होता, ते हळूहळू कळलं. पेटवे तरुण होते तेव्हा काळ्या खेळाडूंना मोठ्या लीगमध्ये पाय ठेवायची बंदी होती. म्हणून त्यांनी आपले संघ काढले, आपली लीग काढली, आपली मैदानं भरवली. त्या काळच्या सतरा जणांना, खेळाडूंना आणि संघ चालवणाऱ्यांना, त्या सोमवारी बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोरांच्या मानाच्या यादीत, एकदम घेतल्याचं जाहीर झालं होतं. सगळेच केव्हाचे मातीत गेलेले. त्यात नेवार्कच्या संघाची मालकीण एफा मॅन्ली होती, हॉलमध्ये जाणारी पहिली बाई. पेटवेंना त्याचा आनंदच झाला. पण सकाळपासून ते रेडिओला कान लावून बसले होते ते एका वेगळ्याच नावासाठी.

"लेव्हाय ग्रँटम," ते म्हणाले. "आमचा डावखुरा पिचर. ते नाव नाही आलं."

"आणि तुमचं?"

"माझं कशाला येईल? मी बरा होतो. लेव्हाय मोठा होता. बरा आणि मोठा यातला फरक कॅचरला कळतो. मोठ्याचे चेंडू झेलून हात सुजतो ना आपला."

त्यानंतर बर्फ नसेल त्या दिवशी दुपारी दोघं गराजांमागे फेकाफेक करायला लागली. हळूच, जेवढं त्यांच्या खांद्याला झेपेल तेवढंच. त्यांची मुलगी व्हर्नेल सकाळी जायची ती दिवेलागणीला यायची. दिवसभर तेही घरात एकटेच. ट्रेंटनमधलं त्यांचं घर, चर्च, ओळखीचा न्हावी, सगळं सोडून मुलीच्या नोकरीपायी ते इथे आले होते. उल्का नवऱ्याच्या नोकरीपायी.

फेकता फेकता ते बोलायचे. बोलण्यात सारखी एक बाई यायची : मिसेस ओडेसा, लँटर्न्सची मालकीण. नवऱ्याचा कोळशाचा धंदा होता, त्यातून तिने संघ उभा केला होता. कुठल्या गावात काळ्यांना हॉटेलात जागा मिळत नाही हे विचारावंच लागायचं नाही, कारण कुठेच मिळत नव्हती. म्हणून मिसेस ओडेसा आधी फोन करून प्रत्येक गावात एखादी शिक्षिका, एखादी विधवा, एखादा पाद्री गाठून ठेवायची आणि खेळाडूंना दोन-दोन करून त्यांच्या घरी झोपवायची. स्वतः बसच्या पुढच्या सीटवर हॅट घालून बसायची. ती चढली की बस निघायची. मागे राहिलेल्याने चालत यावं.

"मग पुढे काय झालं?" उल्काने विचारलं.

"मोठ्या लीगमधल्या ब्रुकलिनच्या संघाने आमच्यातला एक घेतला. मग दुसऱ्यांनी आणखी घेतले. चांगलंच झालं की, त्याचसाठी तर सगळे झुरत होते." त्यांनी चेंडू ग्लव्हमध्ये फिरवला. "पण आमची माणसं त्यांना बघायला तिकडे गेली, आणि आमच्या मैदानावर कुणी उरलं नाही. मिसेस ओडेसाने शेवटी बस विकली. मी पोस्टात लागलो. लेव्हायला बोलावणंच आलं नाही. वय झालं होतं त्याचं."

ग्रँटम अजून हयात होते. दक्षिण जर्सीत ब्रिजटनजवळच्या एका नर्सिंग होममध्ये. कुणाला ओळखत नाहीत, असं पेटवेंनी ऐकलं होतं. व्हर्नेल नेईन नेईन म्हणत होती, पण तिच्या कामातून सवड निघत नव्हती, आणि मोतीबिंदूमुळे पेटवेंनी गाडी सोडली होती.

जुलैमध्ये उल्काला लायसन्स मिळालं. महिनाअखेरीच्या रविवारी हॉल ऑफ फेमचा समारंभ झाला. सोमवारी सकाळी, परीक्षित शार्लटला गेलेला आणि व्हर्नेल कामावर, तेव्हा पेटवे दारात उभे राहिले. करडा सूट, टाय, पॉलिश केलेले बूट. हातात ग्लव्ह आणि चेंडू.

"गाडी येते ना आता तुला?"

"मी हायवेवर एकटी कधी गेले नाही."

"एकटी कुठे? मी आहे ना."

टाय लावून आलेल्या माणसाला काय म्हणून परत पाठवायचं? तिने किल्ली घेतली.

वाटेत ट्रक हॉर्न वाजवत गेले, एक एक्झिट चुकली, ती घामाने भिजली. पेटवे शांतपणे म्हणायचे, "आता डावीकडचा बघ. आता जा." पुढे रस्ता शेतांमधून जायला लागला तसे ते हातातला चेंडू फिरवत बसले.

"त्यांना काय सांगणार?" तिने विचारलं.

"सांगणार की तुझं नाव यायला हवं होतं, आणि ते माहीत असलेला एक माणूस अजून आहे."

ग्रँटम लॉनवर झाडाखाली व्हीलचेअरमध्ये बसले होते. एवढा मोठा माणूस, आणि मांडीवर पांघरूण. पेटवे त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले. नाव सांगितलं. संघाचं नाव सांगितलं. एक जुनी चेष्टा केली. ग्रँटम त्यांच्या खांद्यावरून पलीकडे कुंपणाकडे बघत राहिले. नर्स म्हणाली, "मनाला लावून घेऊ नका, ते मुलालाही ओळखत नाहीत."

पेटवे उठले. सात-आठ पावलं मागे गेले, गुडघ्यांवर हात ठेवून खाली बसायला लागले आणि अर्ध्यातच अडकले. कॅचर फलंदाजाच्या मागे उकिडवा बसतो आणि मांड्यांच्या मध्ये बोटं दाखवून पिचरला खुणावतो : अमुक चेंडू टाक. पिचरला पटलं तर तो मान डोलावतो, नाही तर नकाराची मान हलवतो. पण पेटवेंच्या गुडघ्यांनी दगा दिला होता. नर्स धावली, तिने त्यांना धरून उभं केलं. त्यांचा चेहरा उल्काला बघवेना.

तिने ओढणी कमरेला गुंडाळली, त्यांच्या हातातला ग्लव्ह घेतला आणि त्या जागी उकिडवी बसली. मांड्यांनी आपली जागा लगेच घेतली. दीड वर्षात ती अशी बसली नव्हती.

"एक," मागून पेटवे हळूच म्हणाले.

तिने एक बोट दाखवलं. ग्रँटमची नजर कुंपणावरून खाली आली. तिच्या हातावर थांबली. त्यांनी मान हलवली. नाही.

"दोन."

नाही.

"ते सगळ्यालाच नाही म्हणतात हो," नर्स म्हणाली.

"तीन," पेटवे म्हणाले.

ग्रँटम काही वेळ तिच्याकडे नुसते बघत राहिले. मग त्यांनी मान डोलावली. पांघरुणाखालून डावा हात बाहेर आला, आणि पेटवेंनी जाऊन त्यात चेंडू ठेवला. बोटं चेंडूवरून फिरली, शिवण शोधून तिच्यावर जाऊन बसली. त्यांनी फेकला मात्र नाही. तसाच धरून ठेवला.

"पाच वर्षांत त्याने माझी पहिली खूण कधी मानली नाही," पेटवे म्हणाले. "एकदासुद्धा नाही." आणि ते रडायला लागले.

ग्रँटमने त्यांच्याकडे पाहिलं. ओळख पटली की नाही, देव जाणे. "मिसेस ओडेसा आली का?" त्यांनी विचारलं.

"बसमध्ये बसलीय," पेटवे म्हणाले. "तू सावकाश ये. ती थांबलीय."

परतीच्या वाटेवर निम्मा रस्ता संपला. मग पेटवे म्हणाले, "नावाचं सांगायचं राहूनच गेलं." त्यांनी खिडकीची काच थोडी खाली केली. "राहू दे."

दोघं घरी पोचली तेव्हा व्हर्नेल पायऱ्यांवर उभी होती. दुपारी फोन केला, कुणी उचलला नाही, म्हणून ती काम टाकून आली होती. "त्यांना पेसमेकर आहे," ती उल्काला म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे ते जास्त लागलं. "मला विचारायला हवं होतंस." वडिलांना आत नेऊन ती परत बाहेर आली आणि पायरीवरच बसली. "वर्षभर म्हणत होते मला. मीच न्यायला हवं होतं."

परीक्षितला उल्काने फोनवर सांगितलं. "हायवेवर? लायसन्स मिळून किती दिवस झाले, यार? काही झालं असतं तर?" तो बराच वेळ बोलत राहिला. ग्रँटमबद्दल सांगायला तिने दोनदा तोंड उघडलं, पण तो इन्शुरन्सवर आला होता.

ऑगस्टच्या शेवटी व्हर्नेलची बदली झाली. कंपनीचं मोठं ऑफिस नॉर्थ कॅरोलायनात होतं, मॉरिसव्हिलजवळ. सामानाचा ट्रक आला तेव्हा पेटवे उल्काच्या घरी चहाला येऊन बसले. आलं घातलेला चहा त्यांना तिखट लागला, पण संपवला. जाताना त्यांनी तिचा हात हातात घेतला आणि वाकड्या करंगळीवर अंगठा फिरवला. "हे असं पडून राहायला मोडलं नव्हतं तुझं बोट," ते म्हणाले.

पहिले काही आठवडे फोन येत राहिले. इकडे तुमच्या देशातली पुष्कळ माणसं आहेत, ते सांगायचे. शेजारच्या बाईने काहीतरी पिवळं गोड आणून दिलं, पण तिला फेकता येत नाही. मग त्यांना ऐकू कमी यायला लागलं. फोनवर नुसतं "काय? काय?" व्हायचं आणि व्हर्नेल फोन घेऊन म्हणायची, ते थकलेत, नंतर बोला.

गराजांमागे आता शांतता असायची. घर खायला उठायचं. सप्टेंबरात एका संध्याकाळी उल्का मर्सर काउंटी पार्कात गेली. तिथे निरनिराळ्या ऑफिसांतल्या बायकांचे संघ सॉफ्टबॉल खेळायचे. तिने एका संघाला विचारलं, कॅचर हवी आहे का?

"कॅचर?" कॅप्टन हसली. "आमच्यात चेंडू एवढा हळू येतो की ज्या बाईला काहीच येत नाही तिला आम्ही कॅचर करतो."

"चालेल," उल्का म्हणाली.

त्यांना तिचं नाव नीट घेता येईना, त्या तिला 'यू' म्हणायला लागल्या. तिने बोटाने खूण केली तर पिचर चक्रावून विचारायची, "काय दुखतंय का?" शेवटच्या डावात दुसऱ्या संघातली एक बाई धाव पुरी करायला होम प्लेटकडे पळत आली, लांबून चेंडू आला, उल्काने तो झेलून तिच्या अंगाला टेकवला आणि तिला बाद केलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग बॅगा भरल्या, पिझ्झा खायला कुठे जायचं ते ठरलं, गाड्या सुरू झाल्या. कुणीतरी "येतेस का, यू?" असं विचारलं बहुतेक, पण इंजिनांच्या आवाजात तिला नक्की कळलं नाही, आणि ती उत्तर देईपर्यंत गाडी फाटकाबाहेर पडली होती.

तिने होम प्लेटवरची माती पायाने सारखी केली. पुढचा सामना गुरुवारी होता.