बक्षिसाचे चाक

मित्रांनो, मी एक जुने लाकडी चाक आहे. गाडीचे नव्हे, बक्षिसाचे. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातल्या यॅरोडीन गावात फुटबॉल आणि नेटबॉलचा एक क्लब आहे. त्याच्या सभागृहात, बारशेजारच्या भिंतीवर मी नट-बोल्टांनी बसवलेले आहे. माझी कहाणी गोड असेल असे वाटत असेल, तर तसे काही नाही. मी रागावलेले आहे आणि राग गिळून बोलणे मला जमणार नाही.

मेंढ्यांची लोकर कातरणाऱ्या एका माणसाने शेडमधल्या फळ्या जोडून मला घडवले. काठाला खिळे ठोकले, ते अडवायला फाटक्या बुटाच्या चामड्याची पट्टी लावली. त्याच्या बायकोने मला जेवणाच्या टेबलावर आडवे घालून माझ्यावर आकडे रंगवले. शनिवारचा सामना संपला की लोक तिकिटे घेत, कोणीतरी मला गरकन फिरवी, आणि ज्याचा आकडा लागे तो मटणाचा ट्रे काखोटीला मारून घरी जाई. खेळाडूंच्या खोलीवरचे छप्पर माझ्याच कमाईतून झाले, मैदानावरचे दिवेही. मुले मला हात लावायला धडपडत. मलाही ते आवडायचे, खोटे कशाला बोलू?

मग मोबाइल फोन आले. पैजा खिशातच लागू लागल्या. मला कोण विचारतो? माझ्या खिळ्यांवर लोक ओले मोजे वाळत घालू लागले. तेही मी सोसले.

माझा राग पुढच्या गोष्टीचा आहे. दर गुरुवारी सरावानंतर गावच्या दवाखान्यातली इमेल्डा क्लबात येते. मुलामुलींना सूप आणि पाव वाढता वाढता ती दारू, सिगारेट, नशेच्या गोळ्या यांबद्दल बोलते. मनापासून बोलते, आणि मुलेही तिच्यापुढे मोकळी होतात. पण मुलांना ओढ वाटावी म्हणून क्लबचा अध्यक्ष मर्व्ह याने एक टूम काढली. जो नीट उत्तरे देईल, त्याला चाक फिरवायला मिळेल! म्हणजे एका व्यसनापासून दूर राहिल्याचे बक्षीस काय, तर दुसऱ्याची चव. आणि हे एकाही शहाण्याच्या ध्यानात येईना. मर्व्ह हा मला घडवणाऱ्याचा मुलगा. त्याला मी म्हणजे बापाची आठवण. मी ओरडून सांगावे, तर मला तोंड कुठे आहे?

टॅमसिन ही नेटबॉलच्या मुलींची कप्तान. ती दारूला शिवत नाही, सिगारेटच्या वाऱ्याला उभी राहत नाही. इमेल्डा सगळ्यांना तिचेच उदाहरण देई. पण सराव संपला की ती माझ्याखालच्या बाकावर बसे आणि थोरल्या भावाच्या खात्यातून फोनवर पैजा लावी. इथले सामने संपले की परदेशातले, नावही न ऐकलेल्या संघांचे. न्यूझीलंडच्या दौऱ्यासाठी मुलींनी केक विकून जमवलेला निधी तिच्याकडे ठेवला होता. तोही त्यात गेला. तिचे हसणे गेले, जेवण तुटले. दारू प्यायली असती तर वास तरी आला असता. फोनला कसला वास येणार?

एका गुरुवारी तिची सगळी उत्तरे बरोबर आली.

“शाब्बास, कप्तान!” मर्व्ह म्हणाला. “ये, फिरव. आज मोठ्ठा ट्रे आहे, आई खूश होईल तुझी.”

तिने मला फिरवले. आकडा थोडक्यात चुकला.

“परत,” ती म्हणाली. पुन्हा चुकला. “एकदाच अजून, मर्व्ह. आता लागणारच आहे.”

पोरे खिदळू लागली. “अगं सोड की त्याला! लग्न लावतेस का चाकाशी?”

ती हसली नाही. तिने माझा काठ घट्ट धरून ठेवला होता. इमेल्डाने सुपाचा डाव खाली ठेवला.

“टॅमसिन, बाळा, ‘एकदाच अजून’ असं आणखी कुठे म्हणतेस तू?”

“रोज. फोनवर.” तिला रडू फुटले. “दौऱ्याचे पैसे गेले, इमेल्डा. मला थांबताच येत नाहीये.”

“अगं, मी दर गुरुवारी विचारत होते ना सगळं?”

“हे नाही विचारलंस कधी.”

त्यानंतर टॅमसिन सरावाला आली नाही.

समितीच्या सभेत मर्व्ह कुरकुरला, “आता जुगाराचाही वेगळा कार्यक्रम? वार कुठे उरलाय? माणसं कुठून आणायची?”

“वेगळा कशाला?” इमेल्डा कडाडली. “तीच पोरं, तोच गुरुवार, तेच सूप. दारूचं विचारते तसं पैजांचंही विचारीन. आईबापांनाही बोलावीन. आधी ते चाक खाली काढ.”

“बाबांचं आहे ते! मटणाच्या ट्रेसाठी जरा फिरवलं, तर काय आभाळ कोसळलं?”

पुढच्या गुरुवारी इमेल्डाने दारूच्या प्रश्नामागोमाग पैजांचा प्रश्न विचारला. मग कोपऱ्यातला एक हात वर झाला, त्याच्यामागे दुसरा, तिसरा. एवढी वर्षे ही मुले माझ्यासमोर बसत होती आणि कोणी त्यांना विचारलेच नव्हते! त्या दिवशी टॅमसिनही आली होती. दारातून आत पाऊल टाकले, तिची नजर माझ्यावर गेली, आणि ती तशीच मागे फिरली.

मित्रांनो, म्हाताऱ्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मी तसे म्हणणार नाही. मला रंग नको, तेल नको. तुमच्या मैत्रिणीला विचारा, मित्राला विचारा, आणि विचारताना लाजू नका.

आज गुरुवार आहे. टॅमसिन बाहेर आईच्या गाडीत बसली आहे, उतरत नाही. आणि हा मर्व्ह पॉलिश लावलेले फडके घेऊन मला पुसायला आला आहे! अरे, ठेव ते फडके. पाना आण.