लीली छत

भाऊरावांना कशाचीच खात्री नसे. दाराला कुलूप लावून ते जिना उतरत आणि अर्ध्यातून परत वर जाऊन कुलूप ओढून बघत. भुसावळला रेल्वेच्या पार्सल ऑफिसातली सगळी नोकरी त्यांनी अशीच केली. सही करायची, आणि मग ती आपलीच आहे ना म्हणून पुन्हा निरखायची. आयुष्यात एकदाच त्यांना एका गोष्टीची पक्की खात्री वाटली, आणि सगळा घोटाळा नेमका तिथेच झाला.

बायको गेल्यावर ते सुरतेला मुलाकडे राहायला आले. सुरतेला म्हणायचं इतकंच. उधना मागे टाकून पलसाण्याच्या रस्त्याला लागलं की शहर संपल्यासारखं वाटतं, तिथे एक लहानशी नगरपालिका आहे आणि त्या नगरपालिकेत यांची सोसायटी. बहुतेक घरं खान्देशातून आलेल्या बौद्ध कुटुंबांची, दोन-चार इतरांची. मुलगा प्रज्ञेश पलसाण्याच्या एका डाईंग मिलमध्ये कामाला होता. कापडाचा रंग गिऱ्हाइकाच्या नमुन्याशी जुळतो की नाही, हे बघायचं त्याचं काम.

भाऊरावांबरोबर पुस्तकांच्या ट्रंकाही आल्या. घर दोन खोल्यांचं.

"बाबा, पुस्तकं राहू द्यायची की माणसं?" सुनेने, आनंदीने, हसत विचारलं. पण प्रश्न खराच होता.

सोसायटीच्या मोकळ्या जागेत लोकांनी मिळून बांधलेली एक खोली होती. चार भिंती आणि वर स्लॅब. तिथे बाबासाहेबांची तसबीर, चटया, जयंतीचं सामान. प्रज्ञेशने तिथेच फळ्या ठोकून दिल्या आणि पुस्तकं लागली. दुपारी कोणी पेपर वाचायला येई, कोणी नुसतं पंख्याखाली बसायला. शेजारच्या मंगलाबाई पाटील भाजी निवडायला येत आणि भाऊराव वाचता वाचता हसले की विचारत, "काय लिखेल शे भाऊ, आम्हले भी सांगा ना." मग भाऊराव सांगत. इतकी वर्षं त्यांना असं कोणी विचारलं नव्हतं. हळूहळू लोक त्या खोलीला वाचनालय म्हणू लागले, आणि आपण या परक्या गावात राहतो ते कुठे, याचं उत्तर भाऊरावांना सापडल्यासारखं झालं.

अशात नगरपालिकेने सांगितलं की, मोकळ्या जागेतल्या परवानगीवाचून बांधलेल्या खोल्या पाडणार. मात्र पर्यावरणाला धरून बांधकाम करण्याचं नवं धोरण आलं आहे, त्यात बसणाऱ्या खोल्या राहतील. धोरण काय ते सभेत सांगतील. सभा भर दुपारी. सोसायटीचा सेक्रेटरी वाल्मिक आणि बाकी सगळे पाळीवर.

"काका, तुम्हीच जा," वाल्मिक म्हणाला. "तुम्ही वाचणारा माणूस."

"मला गुजराती नीट येत नाही रे."

"इथे कोणाला नीट येते? बसायचं, ऐकायचं आणि येऊन सांगायचं."

भाऊराव गेले आणि सभागृहात शेवटच्या खुर्चीवर बसले. नगरपालिकेचे प्रमुख बन्सीलालभाई गालात मावा धरून कामं वाचत होते. डोक्यावर पंखा खडखडत होता. बंद पडलेले रस्त्यावरचे दिवे, मंजूर. बाजारातली मोकाट जनावरं, मंजूर. शववाहिनीचं टायर, त्यावर बरीच चर्चा झाली आणि तेही मंजूर. मग बन्सीलालभाईंनी मावा एका गालातून दुसऱ्या गालात नेला आणि धोरणाचा विषय घेतला.

"जे ओरडानी छत लीली हशे, ते रहेशे. बाकीना तूटशे. मंजूर?"

"मंजूर."

भाऊराव दचकले. लीली, म्हणजे छत नीली! सुरतेत लोक मधूनच हिंदी बोलतात हे त्यांना एव्हाना माहीत झालं होतं. नीली म्हणजे निळी. ओरडो म्हणजे खोली, एवढं त्यांना कळत होतं. ज्या खोलीचं छत निळं असेल ती राहील. कारण काय असावं? ऊन परतवायला असेल. किंवा वरून फोटो काढतात, त्यात ओळखू यावी म्हणून असेल. शेजारच्या माणसाला विचारावं असं एकदा त्यांच्या मनात आलंही. पण निळा! त्यात विचारायचं काय? सगळ्या रंगांतून सरकारने नेमका आपलाच रंग निवडावा! चहा यायच्या आत ते उठले आणि जवळजवळ पळतच निघाले.

"छत निळं करायचंय," त्यांनी सांगितलं. "निळं असलं तर खोली राहील."

कोणी शंका घेतली नाही. घेणार तरी कोण? वाल्मिकने हातावर टाळी दिली. "म्हणजे जे आपण जयंतीला करणारच होतो ते!" प्रज्ञेशने रंग स्वतः जुळवला, ध्वजाचा निळा, जरासुद्धा इकडे-तिकडे नाही. रविवारी सगळे वर चढले. बायकांनी स्लॅब धुऊन दिला. मंगलाबाईंनी भरीत-भाकरी आणली. संध्याकाळी आनंदी शेजारच्या गच्चीवरून बघून ओरडली, "बाबा, आकाशाचा तुकडा पडल्यासारखा दिसतोय!"

भाऊरावांनी त्या रात्री कुलूप एकदाच लावलं.

दोन-चार दिवसांनी ते भाजी आणायला बाहेर पडले. थंडीचे दिवस होते. हातगाडीवाली मावशी ओरडत होती, "लीलां मरचां, लीलुं लसण, लीली हळदर!"

भाऊराव थांबले. गाडीवर मिरच्या हिरव्यागार होत्या.

"बेन, यांना काय म्हणालात?"

"लीलां मरचां."

"लीलां म्हणजे... निळ्या? नीला?"

मावशी पदर तोंडाला लावून हसली. "भूरां मरचां तमारे त्यां थतां हशे, काका!"

भुऱ्या मिरच्या, आणि आमच्याकडे? मी भुऱ्या कुठे म्हणालो? मी तर निळ्या म्हणालो. भाऊराव गाडीवर वाकले. त्यांनी ओल्या हळदीच्या कंदाकडे बोट दाखवलं. "ही लीली कशी? ही तर पिवळी आहे."

"लीली छे, सूकी नथी. ताजी छे," मावशीने समजावलं.

म्हणजे लीली म्हणजे हिरवी. किंवा ओली. किंवा ताजी. काहीही, पण निळी नाही. भाऊराव भाजी न घेताच परतले. वाटेत त्यांना सोसायटीच्या छपरांमध्ये ते निळं छत दिसलं आणि त्यांनी मान खाली घातली.

त्यांनी आधी आनंदीला सांगितलं. तिने भाजीची रिकामी पिशवी त्यांच्या हातातून घेतली आणि म्हणाली, "बसा बाबा, पाणी घ्या." भुरं म्हणजे इथे निळं, हेही तिनेच सांगितलं. ते ऐकून भाऊरावांचं डोकं आणखीच फिरलं.

प्रज्ञेश पाळीवरून आल्यावर ऐकून घेता घेता खालीच बसला. "बाबा, लीलो शेड, लीलो शेड, मी दिवसभर हेच ऐकतो. हिरवा! तुम्ही मला त्यांचा शब्द सांगायचा होता. अर्थ कशाला सांगितला?"

भाऊरावांना वाटलं, खरंच की, अर्थ सांगायला कोणी सांगितलं होतं?

वाल्मिकने कपाळावर हात मारला. "आता वरून हिरवा मारा म्हणजे झालं."

"निळ्यावर?" कोणीतरी म्हणालं.

वाल्मिकने इकडे-तिकडे पाहिलं. "मी नाही ब्रश धरणार," तो हळूच म्हणाला. "दुसऱ्या कोणाला धरायचा असेल तर धरा." कोणीच पुढे आलं नाही. खोली वाचवायची तर निळा झाकायचा, आणि निळा ठेवायचा तर खोली जायची. हा पेच आपण एकट्याने घरी आणला, या विचाराने भाऊरावांना जेवण गेलं नाही.

त्याच आठवड्यात नगरपालिकेचे इंजिनिअर ललितभाई तपासायला आले. चष्मा लावलेला, भला तरुण माणूस. शिडीवर चढले आणि वरूनच ओरडले, "काका, आ तो भूरी छे!"

"हो," भाऊराव खालून म्हणाले. "मला कळलं आहे ते."

"आता हिरवा रंग द्यावा लागेल का, साहेब?" वाल्मिकने हिंदीत विचारलं.

"रंग?" ललितभाई खाली उतरले. "रंग कोणी सांगितला? लीली छत म्हणजे झाडांची छत. स्लॅबवर पाणी न झिरपणारा थर, त्यावर माती, मातीत गवत, वेली. खोली थंड राहते."

मंगलाबाई दारात भाजी निवडत होत्या. त्यांनी हातातली मेथी तशीच धरून विचारलं, "स्लॅबवर माती? आन तिनावर गवत? भाऊ, हे तं आमनं धाबं शे!" खान्देशातल्या त्यांच्या घराला मातीचं धाबं होतं आणि दर पावसाळ्यात त्यावर गवत माजे. "जनमभर मी धाबावरलं गवत उपटं. आते आठे लावानं का?"

ललितभाईंना अहिराणी कळली नाही, पण सगळे हसले म्हणून तेही हसले. भाऊराव हसले नाहीत. त्यांनी भीत भीत विचारलं, "पण प्रमुखसाहेबांना तर रंगच म्हणायचा होता ना?"

ललितभाईंनी तिथूनच फोन लावला. बन्सीलालभाईंचा आवाज बाहेरही ऐकू येत होता. लीली म्हणजे लीली, हिरवा रंग मारायचा, गवत काय ढोरं चारायला लावायचं? ललितभाई "हा जी, हा जी" करत राहिले, मग फोन खिशात ठेवून म्हणाले, "सभेत विषय घेऊ." आणि स्कूटर चालू करून निघून गेले.

पुन्हा सभा, पुन्हा भर दुपारी. वाल्मिक म्हणाला, "या वेळी दुसरं कोणी..." आणि थांबला. दुसरं कोणी नव्हतंच.

"जा बाबा," प्रज्ञेश म्हणाला. "फक्त ऐकाल ते जसंच्या तसं घेऊन या."

भाऊराव त्याच खुर्चीवर बसले. तोच पंखा, तोच मावा. शववाहिनीचं टायर अजून आलं नव्हतं, ते पुन्हा मंजूर झालं. मग बन्सीलालभाई म्हणाले की, एका सोसायटीच्या ओरड्याची छत भूरी निघाली आहे, म्हणजे धोरणात बसत नाही, म्हणजे तोडायचा.

"मंजूर?"

दोन हात वर गेले. तिसरा जात होता.

आपण उठलो आहोत हे भाऊरावांना उठल्यावर कळलं. सगळे त्यांच्याकडे वळून बघत होते. काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं, आणि जे मनात होतं ते गुजरातीत येत नव्हतं. येत होता तो एवढाच प्रश्न.

"साहेब," ते म्हणाले, "लीली एटले शुं?"

कोणीतरी हसलं. बन्सीलालभाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की जणू भाऊराव पाणी म्हणजे काय असं विचारत आहेत. "लीली एटले लीलो रंग, काका."

"नाही साहेब, झाडं," ललितभाई कोपऱ्यातून म्हणाले.

"झाडं कोणी सांगितलं?"

"धोरणात ग्रीन लिहिलंय."

"ग्रीन म्हणजे लीलोच ना?"

"हो, पण झाडांचा लीलो."

"आणि हातगाडीवर," भाऊराव मराठी-हिंदीची खिचडी करत म्हणाले, कारण आता थांबणं त्यांना जमेना, "हळद लीली असते. ती पिवळी असते. लीली म्हणजे ओली. मग छत ओलं ठेवायचंय का? मी विचारतोय, कारण मला खरंच कळलेलं नाही."

यावर एक म्हातारे सदस्य गंभीरपणे म्हणाले की, हे बरोबर आहे, त्यांच्या गावी उन्हाळ्यात छतावर ओली गोणपाटं टाकतात, गारवा राहतो, धोरणाचा हेतू तोच असणार. झालं! एका बाजूला रंगवाले, दुसरीकडे झाडवाले, मध्ये गोणपाटवाले. चहा आला आणि निवून गेला. शेवटी एका बाईंनी, त्या प्रथमच निवडून आल्या होत्या, विचारलं, "आणि या आपल्या कचेरीची छत?"

सगळ्यांनी वर पाहिलं. वर पंखा होता. त्याच्या वरच्या स्लॅबवर गळती थांबवायला डांबर ओतलेलं होतं हे सगळ्यांना माहीत होतं.

"आपणी तो काळी छे," कोणीतरी पुटपुटलं.

बन्सीलालभाई बराच वेळ मावा चघळत राहिले. मग कारकुनाकडे न बघताच म्हणाले, "काम दफतरे करो." आणि पुढचा विषय घेतला.

कारकुनाने काहीतरी लिहिलं. भाऊराव अजून उभेच होते. जिंकलो की हरलो? पाडणार की नाही? दफ्तर म्हटलं की त्यांना अर्थ कळल्यासारखा वाटत होता. आयुष्यभर कचेरीत बसलेला माणूस तो. पण कळल्यासारखं वाटलं, याचीच आता त्यांना भीती वाटली. त्यांनी मनातला अर्थ बाजूला सारला आणि नुसता शब्द उचलला.

"दफतरे, दफतरे," असं पुटपुटत ते निघाले. वाटेत हातगाडीवाल्या मावशीने हाक मारली, "काका, लीलां मरचां?" त्यांनी मान हलवली, पण तोंड उघडलं नाही, न जाणो शब्द सांडायचा.

वाचनालयापाशी सगळे वाट बघत होते. प्रज्ञेश सुट्टी टाकून आला होता. मंगलाबाईंनी छतावर डब्यांतून गिलक्याच्या वेली नेऊन ठेवल्या होत्या. लागलंच तर असावं म्हणून, असं त्या म्हणत होत्या. भाऊराव सरळ प्रज्ञेशपुढे जाऊन उभे राहिले.

"ते म्हणाले, काम दफतरे करो. काम. दफतरे. करो. अर्थ तू सांग."

प्रज्ञेशने डोळे बारीक केले. "नक्की दफतरे?"

"मावा होता तोंडात. पण दफतरेच."

प्रज्ञेश हळूहळू हसू लागला. "म्हणजे फाईलला लावलं, बाबा. म्हणजे आता कोणी हात लावत नाही."

"कशाला?" भाऊरावांनी विचारलं. "कागदाला, की खोलीला?"

"दोन्हीला."

भाऊरावांनी मान डोलावली. मग ते आत गेले, आपल्या जागेवर बसले, आणि थोड्या वेळाने दारात येऊन प्रज्ञेशला त्यांनी पुन्हा एकदा विचारलं.