डोक्याची फडकी

विमान कंपनी बुडणार असल्याची खबर मुलाने आणली, तेव्हा माझे दोन्ही हात कोपरापर्यंत साबणाच्या पाण्यात होते.

"आई, तुझं तिकीट ज्यांचं काढलंय ना, ते डबघाईला आलेत म्हणे."

"मग काढलंस कशाला?"

"तेव्हा धड होते!"

माझी धाकटी लेक समुद्रापलीकडे नांदते. पहिलटकरीण, आणि घरात मोठं माणूस कोणी नाही. "बाळ येईल तेव्हा तू जवळ हवीस," असं तिने फोनवर रडून रडून सांगितलेलं. तिच्या गावाला जाणारी कंपनी ही एकच. ती बुडाली तर मी काय पोहत जाऊ?

बरं, त्याच कंपनीची धुलाई आमच्या लाँड्रीत. विमानात खुर्चीला डोक्याशी पांढरं फडकं लावतात ना, ती आमच्याकडे येतात. रोज सकाळी टेम्पोवाला मळक्या फडक्यांची गाठोडी टाकतो आणि इस्त्री केलेली घेऊन जातो. शहाणीसुरती माणसं माझ्या फडक्यावर तेलकट डोकी टेकून जग फिरतात आणि मी अजून विमानात पाय ठेवलेला नाही.

पेपर वाचायचा तर मी एका ओळीत दमते. म्हटलं, आपण गाठोडी बघू. डोकी जास्त तर फडकी जास्त. मुलगा रोज मोबाइल बघून तोंड पाडायचा, मी गाठोडं उचलून बघायची.

"जड आहे. उडतंय तुझं विमान."

"ओली असतील गं फडकी."

"ओल्या तुझ्या बातम्या!"

जायचे दिवस जवळ आले तसं मी जाहीर केलं, माझ्यामागे लाँड्री बंद.

"अहो आई, मी सांभाळीन की," सून म्हणाली.

"तुझी इस्त्री बघितलीय मी. तू नुसती फिरवतेस, दाबत नाहीस."

मुलाकडून दारावर पाटी लिहून घेतली. 'सर्वांना कळावे' हे मी हट्टाने भलंमोठं काढायला लावलं. खाली 'लाँड्री बंद' एवढंच मावलं. कधीपासून, किती दिवस, याला फळीच उरली नाही. म्हटलं, राहू दे, लोकांना माहीतच आहे.

दुसऱ्या दिवशी टेम्पो आला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. फोन केला तर टेम्पोवाला उचलेना. गाठोडी नाहीत म्हणजे डोकी नाहीत, डोकी नाहीत म्हणजे विमान नाही. इस्त्री तशीच टाकली, सुनेला घेतलं आणि विमानतळामागचं कंपनीचं गोदाम गाठलं. तिथला साहेब फोनवर कोणाला तरी विनवत होता.

"ठेवा तो फोन," मी म्हटलं. "बुडालात ना? सरळ सांगा. माझ्या लेकीचे तिकडे दिवस भरत आलेत."

साहेब माझ्याकडे बघतच राहिला. "आम्ही? अहो मावशी, बुडालात तर तुम्ही! टेम्पोवाला गाडीतूनच तुमची पाटी वाचून हळहळत परत आला. मी दोन दिवस लाँड्री शोधतोय. विमानं बोडक्या खुर्च्या घेऊन उडतायत!"

"उडतायत?"

"उडतायत हो. नवा भागीदार मिळालाय आम्हाला. पण तुमच्यासारखी घडी कोणी घालून देत नाही."

सून पदर तोंडाला लावून खुसखुसायला लागली. मी तिच्याकडे डोळे वटारले, पण मलाही हसू आवरेना.

"मग कुठे निघालात लाँड्री बंद करून?" साहेबाने विचारलं.

"तुमच्याच विमानाने, लेकीकडे."

"आणि फडकी कोण धुणार? तुम्ही बंद ठेवलीत तर मला काम दुसऱ्याला द्यावं लागेल."

आता आली का पंचाईत! मी कमरेची किल्ली काढली आणि सुनेच्या हातावर ठेवली.

"ही एवढी उभी आहे ती दिसत नाही का तुम्हाला? ही बघेल."

सुनेने किल्लीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मी? मी तर दाबत नाही ना, आई?"

"मग आजपासून दाब!"

निघेपर्यंतची सगळी फडकी तिच्याकडूनच करून घेतली. विमान उडालं तेव्हा कानात दडे बसले, पण डोकं टेकायच्या आधी मी मागचं फडकं सोडून मांडीवर घेतलं. शेजारचा गृहस्थ चपापला.

"काही हरवलंय का, मावशी?"

"नाही. सुनेची इस्त्री बघतेय."

चारी कोपरे उलटून पाहिले, उजेडात धरलं. काठ सरळ, सुरकुती औषधाला नाही.

"कशी आहे?" त्यालाही आता राहवेना.

"बरी आहे," म्हटलं, फडकं जागेवर लावलं आणि अशी गाढ झोपले की उतरताना हलवून उठवावं लागलं.

लेक दारातच उभी होती, पोटावर हात ठेवून. मला बघून रडली, मग हसली. मी पोहोचल्याचा फोन घरी लावला. सुनेने पहिलं काय विचारलं असेल?

"फडकं कसं होतं, आई?"

"एक कोपरा जरा ढिला वाटला," मी म्हटलं. इतक्यात कौतुक केलं तर पुन्हा नुसती फिरवायला लागेल.