थडग्यांच्या चुन्यात रंगलेली खुर्ची

मित्रांनो, जरा हळू बसा. मी जुनी, थकलेली खुर्ची आहे आणि माझी सगळी हाडं खिळखिळी झाली आहेत. लाकूड रात्री करकरतं असं लोक म्हणतात. ते करकरणं नसतं, कण्हणं असतं. पण खुर्चीच्या कण्हण्याकडे कोण लक्ष देतो?

आमच्या ख्रिस्ती मिशनच्या गावात सुतारशाळा होती, तिथे माझा जन्म झाला. चार पाय, ताठ पाठ, हात नाहीत, आणि बसायला चामड्याच्या पट्ट्यांची वीण. आबरामने लग्नाआधी मला डोक्यावरून घरी आणलं आणि त्याच्या मिनाने माझा ताबा घेतला. माझ्यावर बसून तिने पीच सोलले, मटार निवडले, लेकीला, म्हणजे लोर्नाला, पाजलं. पाहुणे आले की आबराम म्हणायचा, "सोफ्यावर बसलात तर झोपाल. या खुर्चीवर बसा, माणसासारखे बसाल." तेव्हा मला फार बरं वाटायचं.

पुढे घरात प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या. मी मागच्या ओसरीवर गेले. माझ्यावर रॉकेलचा डबा आला, मग कांद्याचं पोतं, मग कोंबड्या. कोंबडी ज्या खुर्चीवर बसते त्या खुर्चीचं काय होतं, ते मी तुम्हाला सांगायला नको.

मग एका हिवाळ्यात मिना गेली. आबरामचे गुडघे तर आधीच गेले होते. ईस्टर जवळ आला तसा तो अस्वस्थ झाला. आमच्याकडे ईस्टरच्या पहाटे सगळं गाव थडग्यांपाशी जमतं, आणि चर्चचा बँड तिथे उगवत्या सूर्याला सामोरा वाजतो. आबरामने जन्मभर त्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवला होता. मिनाच्या थडग्याशेजारी हा पहिलाच ईस्टर. तिच्यासाठी एकदा वाजवायचं, मग वाद्य खाली ठेवायचं, एवढंच त्याच्या मनात होतं.

बँडचा प्रमुख फ्लोरिस घरी आला. वाजवायला त्याला आबरामनेच शिकवलेलं, आणि तो आबरामला ओम, म्हणजे काका, म्हणायचा.

"ओम आबराम, बँड उभा राहूनच वाजवतो. एक बसला की सगळे आजारी दिसतात."

"मी उभा राहिलो तर मी एकटाच मेलेला दिसेन," आबराम म्हणाला. "ते चालेल तुला?"

फ्लोरिस हसू दाबत म्हणाला, "बरं बाबा, बसा. पण प्लॅस्टिकची खुर्ची आणू नका, तिचे हात तुमच्या कोपराला अडतील. आणि ती कोंबड्यांची तर अजिबात नको. अख्खं गाव असतं तिथे."

बिनहातांची दुसरी खुर्ची घरात होतीच कुठे? लोर्नाने मला ओसरीवरून ओढून काढलं. ती ज्या अतिथीगृहात साफसफाईला जायची तिथल्या जुन्या खुर्च्या मऊ, कोरड्या, फिक्या निळ्या रंगाने नव्या झालेल्या तिने पाहिल्या होत्या. चॉक पेंट म्हणतात त्याला, खडूचा रंग. घासायची फार कटकट नाही, नुसता फासायचा.

आता आमच्या गावात ईस्टरआधी घरोघरी चुन्याचं पोतं असतं, थडगी पांढरी करायला. लोर्ना म्हणाली, "खडू काय आणि चुना काय, भाऊच की." भिंतीचा उरलेला निळा रंग घेतला, त्यात आईच्या थडग्याचा उरलेला चुना कालवला आणि फासला माझ्या अंगावर. त्यावर मेण चोळावं लागतं, हे तिच्या गावीही नव्हतं. हौसेला मोल नाही म्हणतात, अक्कल लागते एवढंच. पण खरं सांगू? किती वर्षांनी कुणी माझ्या पायांवरून हात फिरवत होतं. मी गप्प बसले.

आबराम दारात येऊन बघत राहिला. "आईला न विचारता तिची खुर्ची रंगवतेयस?"

"आई आहे का विचारायला, पा?"

तिचा ब्रश मात्र थोडा वेळ थांबला.

ईस्टरच्या पहाटे भरपूर दव पडलं होतं. लोर्नाने मला डोक्यावर उलटी घेतली आणि चढ चढली. तिच्या केसांत माझी निळी भुकटी सांडत होती. मिनाच्या थडग्याशेजारी मला ठेवलं. जमीन अजून बसली नव्हती. आबराम बसला आणि माझा मागचा पाय भसकन खाली गेला. लोर्नाने मागून माझी पाठ धरली, ती सोडलीच नाही.

बँड सुरू झाला. पहिलं कडवं आबरामने वाजवलं. दुसऱ्यात त्याचा दम तुटला. त्याने वाद्य मांडीवर टेकवलं. बाकीचे वाजवत राहिले. मी त्याच्या पाठीला टेकलेली होते मित्रांनो, तो रडत होता ते मला सगळ्यांच्या आधी कळलं.

लोर्ना वाकून म्हणाली, "पा, आईला तिसरंच आवडायचं. दुसऱ्यात ती नेहमी जांभया द्यायची."

त्याच्या पाठीतून एक हसू गेलं. त्याने ट्रॉम्बोन उचलला आणि तिसरं कडवं शेवटपर्यंत वाजवलं.

मग तो उठला आणि त्याच्या काळ्या कोटावर माझ्या पाठीच्या निळ्या-पांढऱ्या पट्ट्या उमटलेल्या सगळ्यांना दिसल्या. मागून बेट मावशी म्हणाली, "आबराम, थडग्याबरोबर स्वतःलाही रंगवून घेतलंस होय?" लोक हसले. लोर्नाचा चेहरा पडला.

"वाटोळं केलं मी, पा. आजच्या दिवशी."

"तू धरली नसतीस तर मी वाद्यासकट तुझ्या आईच्या अंगावर पडलो असतो," आबराम म्हणाला. "तिला चाललं असतं. फ्लोरिसला नसतं चाललं." कोट न झटकताच तो घरी गेला.

दुसऱ्या दिवशी लोर्ना अतिथीगृहातून मेणाचा डबा मागून घेऊन आली. सगळा रंग खरवडून पुन्हा लावायला निघाली. माझ्या पाठीच्या वरच्या पट्टीवर तिची दहाही बोटं उमटली होती, तिथे रंग जाऊन लाकूड दिसत होतं. आबराम म्हणाला, "बाकी काय हवं ते कर. तेवढी बोटं राहू दे." तिने बाकीचा रंग नीट केला आणि त्या बोटांवर नुसतं मेण चोळलं.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना रंग द्या, जरूर द्या. पण आधी त्यांच्यावरचा कांद्याचा भार उतरवा, अंग पुसा, आणि रंगाखालच्या लाकडावर कोण बसायचं ते एकदा आठवा. मेण विसरू नका. आम्हाला फार काही लागत नाही.

आबराम आता मिनाशेजारी आहे. ट्रॉम्बोन फ्लोरिसच्या मुलीकडे गेला, मी लोर्नाकडे. माझी कंबर दुखते, चामडं सैल झालंय, मी फार दमले आहे. पण कधी कधी लोर्ना काही काम नसताना माझ्या मागे येते, त्या बोटांवर आपली बोटं ठेवते आणि तशीच उभी राहते. तेवढा वेळ मी करकरत नाही.