दारात थबकणारा रोबो

सुनेनं बनवलेला रोबो पाहून मुलांच्या वॉर्डात रडारड झाली, तेव्हा ती तोंड पाडूनच घरी आली. वर्षभर खपून तिनं तो तयार केला होता. कमरेएवढा उंच, गोलमटोल, दोन चाकांवर तोल सांभाळणारा, पोटात औषधांचे खण. कुठं धडकायचा नाही की औषधांची अदलाबदल करायचा नाही. पण तो दारातून आत सरकला की मुलं पांघरुणात तोंड लपवत. इस्पितळाच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं होतं, आठवडाभरात जमलं नाही तर त्याची रवानगी तळघरातल्या गोदामात.

सासूबाईंचा उभा जन्म कळसूत्री बाहुल्या नाचवण्यात गेला होता. गुडघे कुरकुरायला लागल्यावर खेळ बंद झाले, हात मात्र अजून शिवशिवत. सगळं ऐकून त्यांनी निदान केलं, की त्याला चेहरा नाही म्हणून पोरं घाबरतात. मग कागदाच्या लगद्याचा एक हसरा मुखवटा केला. गाल लालबुंद, दात पांढरेशुभ्र. तो चढवून रोबो वॉर्डात गेला आणि आधी न रडलेली मुलंही रडली.

 परतताना गाडीत सासूबाईंनाच आधी हसू फुटलं. "दातांनी घात केला गं," त्या म्हणाल्या, आणि मग सुनेलाही हसू आवरेना.

दुसऱ्या दिवशी सासूबाई तिच्याबरोबर कार्यशाळेत गेल्या. मुखवटा काढून ठेवला आणि स्टुलावर बसून त्यांनी रोबोला पुन्हा पुन्हा फेऱ्या मारायला लावल्या.

"हा दारात थांबतच नाही," त्या म्हणाल्या.

"वाट मोकळी असताना कशाला थांबेल, आई?"

"कुणाच्या खोलीत असं थेट शिरतं का कुणी? बाहुली आधी थबकते, जरा वाकून बघते, मग पाऊल टाकते. त्या थबकण्यातच ती जिवंत होते."

सुनेला ते पचेना. थबकणं हा तिच्या लेखी दोष, आणि तोच काढायला तिनं कितीतरी महिने घातले होते. शिवाय मानच नसलेला रोबो वाकणार कसा? पण जेवता जेवता तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. चाकांवरचा तोल किंचित पुढं सोडला, तर तो अख्खाच वाकेल! ताट तसंच टाकून ती उठली.

तिनं सासूबाईंच्या मनगटाला हालचाल टिपणारा सेन्सर बांधला. त्यांनी हवेतच, दोऱ्या हातात असल्यासारखी, बाहुली चालवली आणि संगणकानं ती चाल उतरवून घेतली. पहिल्याच प्रयत्नात रोबो इतका वाकला की पालथा पडला. "नमस्कार नको म्हणावं, नुसतं विचार," सासूबाई म्हणाल्या. सुनेनं झुकाव कमी केला, सासूबाईंनी थबकणं थोडं लांबवलं. असं करता करता चाल जमली.

वॉर्डाच्या दारात रोबो थांबला. हलकेच वाकला. वाट पाहू लागला. कुणी रडलं नाही. पायाला प्लास्टर असलेली एक मुलगी त्याच्याकडे बराच वेळ टक लावून पाहत होती.

"आत येऊ का विचारतोय तो," तिनं शेजारच्या खाटेला सांगितलं. मग त्याला म्हणाली, "ये. पण सुई आणली असशील तर परत जा."

रोबो आत आला. पोटातला खण उघडला, तर खोकल्याचं गोड औषध. सगळा वॉर्ड हसला. दाराबाहेर उभ्या सुनेनं सासूबाईंचा हात घट्ट धरला होता. तिचे डोळे भरून आले होते, आणि सासूबाई उगीचच चष्मा पुसत होत्या.

मुलांनी त्याचं नाव ढब्बू ठेवलं. पुढं तर प्रत्येकाला आपल्या खाटेपाशीही त्यानं थबकून विचारायला हवं होतं. फेरीला वेळ लागतो म्हणून मोठ्या नर्सबाई जरा कुरकुरल्या, पण औषध पाजताना होणारी ओढाताण संपली म्हटल्यावर त्याही निवल्या. डॉक्टरीणबाईंनी आणखी दोन रोबो मागितले. सासूबाईंना कार्यशाळेत खिडकीजवळचं टेबल मिळालं.

नव्या रोबोंवरून मात्र दोघींचं जुंपलं. सुनेला तिघांची चाल सारखी हवी होती. सासूबाईंना हे अजिबात मान्य नव्हतं.

"दुसरा जरा आळशी करू," त्या म्हणाल्या.

"आळशी रोबो? आई, माझी नोकरी जाईल."

"बरं, मग लाजाळू कर," म्हणत त्यांनी सेन्सर बांधायला मनगट पुढं केलं.