न आटणारे तळे

मित्रांनो, एका अख्ख्या नदीचे भवितव्य माझ्या हाती होते. मला हात नाहीत, हा भाग वेगळा.

मी एक जुना संगणक आहे. पाणी खात्याच्या कचेरीत खिडकीजवळच्या टेबलावर माझे आयुष्य गेले. पहिली चार वर्षे मी फक्त रजेचे अर्ज लिहिले. त्या कचेरीतल्या लोकांच्या पोटात इतक्यांदा दुखले, की आपल्याला पोटच नाही याचे मला समाधान वाटे.

मग मॅडम आल्या. त्यांनी मला उपग्रहाची चित्रे दाखवली, तीस वर्षांचे पाऊस-उन्हाचे आकडे भरवले आणि खोऱ्यात किती पाणी पडते, किती वाफ होऊन जाते, किती उरते याचे गणित शिकवले. माझा मान वाढला. मोठे साहेब पाहुण्यांना माझ्यासमोर आणून म्हणत, "हा आकाशातून नदी बघतो!" मी विनयाने घरघरत असे.

त्या वर्षी पाऊस कमी झाला. शेतांसाठी कालवा किती दिवस सोडायचा, हे मॅडमना शुक्रवारपर्यंत सांगायचे होते. जास्त सोडला, तर धरणाखालच्या गावाचे नळ उन्हाळ्यात कोरडे पडणार. त्या गावात मॅडमची आई एकटी राहत होती. "आता हंडा उचलवत नाही गं मला," असे ती फोनवर म्हणाली होती.

मी दोन दिवस गणित केले आणि उत्तर दिले : पंधरा दिवस, खुशाल सोडा. खोऱ्याच्या वरच्या अंगाला मला एक नवे तळे सापडले होते ना! काळेशार, चौकोनी आणि इतके गुणी, की भर उन्हातही इंचभर आटत नव्हते.

साहेब खूश. मॅडम सही करणार, तेवढ्यात तात्या आले. तात्या म्हणजे रोज सकाळी नदीत उतरून पाण्याची पातळी वाचणारे आमचे जुने कर्मचारी. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून माझ्या पडद्याकडे पाहिले.

"हे काय नवीन?"

"तळं आहे, तात्या," मॅडम म्हणाल्या.

"असं? काल याच तळ्यात मी स्कूटर लावली होती. सावलीला."

"तात्या, चेष्टा नको. आज शुक्रवार आहे."

"अहो, चेष्टा कसली? सोलरच्या प्लेटा आहेत तिथे. माझा मेहुणा राखणदार आहे. त्याला पोहता येत नाही, तरी जिवंत आहे!"

काय सांगू, मित्रांनो! वरून पाहिले, की काळे आणि सपाट ते सगळे मला पाणीच वाटे.

मॅडमनी तळे पुसले. नवे उत्तर आले : सहा दिवस.

"शेतकरी मला फाडून खातील!" साहेब ओरडले.

"खाऊ द्या, साहेब," तात्या म्हणाले. "वर प्यायला पाणी तरी उरेल."

मॅडमनी सहा दिवसांवर सही केली. उन्हाळाभर खालच्या गावाच्या नळाला करंगळीएवढी का होईना, धार राहिली. आईचा फोन आला, "येतंय गं, पण केवढं गढूळ!" तक्रार ऐकून मॅडमना इतका आनंद झालेला मी प्रथमच पाहिला. अहवालात श्रेय मला मिळाले. तात्यांचा उल्लेख 'इतर साधने' या सदरात आला.

आता टेबलावर नवा संगणक आहे आणि मी कपाटाशेजारी. तेव्हा मित्रांनो, आकाशातून जरूर पाहा, पण चिखलात उतरणाऱ्यालाही विचारा. नद्या जपा. पाणी जपा. हे सगळे सवडीने केले तरी चालेल. आधी माझ्या डोक्यावर कुणीतरी ठेवलेला हा भरलेला पेला तेवढा उचला. कलतोय.